भिंत कोणाची, रंग कोणाचा?



मोठमोठ्या विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती, किंबहुना घराच्या भिंतीबाहेरचा आहे. इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यावा, यावरून सदनिकाधारकांत जे वाद होतात, ते का होतात, कायदा त्याविषयी काय सांगतो, आणि ते शहाणपणाने कसे मिटवावेत, एवढेच आज पाहावयाचे आहे. विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने गृहनिर्माण संस्थेची चिटणिशी वर्षभर जरी केली आहे, तो तसे म्हणणार नाही. नव्या जलवाहिनीचा काही लाखांचा ठराव ज्या सभेत पाच मिनिटांत मंजूर होतो, त्याच सभेत बदामी की पिस्ता यावर रात्रीचे अकरा वाजतात. आणि एरवी एकमेकांकडे विरजण मागणारी कुटुंबे दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर आली तरी बोलत नाहीत. रंग पाचसात वर्षांत उडतो. अबोला पुष्कळदा त्याहून अधिक टिकतो. म्हणून हा विषय विचार करण्याच्या योग्यतेचा आहे.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने 1957 च्या सुमारास या मनुष्यस्वभावावर मार्मिक लिहिले आहे. एका समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव येतो. तो कोणालाच कळत नाही, म्हणून बिनविरोध मंजूर होतो. नंतर सायकली ठेवण्याच्या पडवीचा प्रस्ताव येतो. पडवी प्रत्येकाने पाहिलेली असते. म्हणून प्रत्येकाला बोलायचे असते, आणि चर्चा लांबत जाते. रंगाचेही तसेच आहे. गिलाव्यातील सिमेंटचे प्रमाण किती असावे, हे सभेत बसलेल्यांपैकी एखाद्यालाच कळते. पण डोळे मात्र सर्वांना आहेत.

तथापि पार्किन्सनचे हे निदान अर्धेच खरे आहे. रंगाचा वाद केवळ सर्वांना मत असते म्हणून होत नाही. साडीच्या रंगाबद्दलही सर्वांना मत असते, पण त्यावरून कोणी निबंधकाकडे तक्रार नेत नाही. भिंतीच्या रंगावरून वाद पेटतो, कारण ती भिंत कोणाची हे आपल्या मनात स्पष्ट नसते. प्रथम त्या प्रश्नाकडे वळू.

स्वतःच्या जमिनीवर स्वतंत्र घर बांधून राहणाऱ्या मनुष्याला हा प्रश्न पडत नाही. एकत्र राहण्याच्या व्यवस्था मात्र आपल्याकडे मुख्यतः तीन आहेत, आणि तिन्हींत भिंतीचा मालक निरनिराळा आहे.

पहिली व्यवस्था बंगल्यांच्या संस्थेची. जमीन संस्थेची असते आणि तिच्या भूखंडावर सभासद आपापले घर बांधतो. घर त्याचे, भिंत त्याची, रंगही त्याचा. उपविधींत किंवा भाडेपट्ट्यात एखादी अट असेल तर ती मात्र त्याला पाळावी लागते.

दुसरी व्यवस्था सदनिकांच्या सहकारी संस्थेची. मुंबईस गावदेवी येथे 1915 साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वतांची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. आपल्या देशातील अशा संस्थांत ती आद्य मानली जाते. आज महाराष्ट्रात अशा संस्थांचे नियमन 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने होते, आणि 2019 साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. या व्यवस्थेत अभिहस्तांतरण झाल्यावर जमीन आणि इमारत ही दोन्ही संस्थेच्या मालकीची होतात. सभासदाजवळ असतात संस्थेचे भाग, आणि त्या भागांबरोबर येणारा सदनिकेत राहण्याचा हक्क. "हा फ्लॅट माझा आहे" असे आपण म्हणतो ते व्यवहारात बरोबर आहे. परंतु त्या फ्लॅटची बाहेरची भिंत एकट्या त्याची नाही. आदर्श उपविधींत संस्थेने आपल्या खर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादी दिलेली आहे. तीत रस्ते, कुंपण, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या यांच्याबरोबर इमारतीच्या बाहेरच्या भिंतीही आहेत. ज्याच्याकडे दुरुस्तीचे कर्तव्य, त्याच्याकडेच रंगाचा निर्णय, हे ओघानेच आले.

तिसरी व्यवस्था 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाची. तिला कॉन्डोमिनियम म्हणतात. हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ सहस्वामित्व. पोर्तो रिको बेटावर 1958 साली यासंबंधी कायदा झाला, 1961 साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने अशा घरांच्या कर्जांना विम्याचे संरक्षण दिले, आणि त्यानंतर ही पद्धत तिकडे झपाट्याने पसरली. या व्यवस्थेत सदनिका खरोखरच व्यक्तीच्या मालकीची असते. पण पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर आणि जिने ही सामाईक असतात, आणि त्यांत प्रत्येक मालकाचा अविभक्त हिस्सा ठरलेला असतो. अविभक्त म्हणजे वाटणी न होणारा. चौथ्या मजल्यावरील मालकाला असे म्हणता येत नाही की माझ्या खिडकीभोवतीचा चौकोन माझा, तो मी जांभळा करीन. त्याच्या खिडकीभोवतीच्या चौकोनात तळमजल्यावाल्याचाही अंश आहे, आणि तळमजल्याच्या भिंतीत त्याचाही आहे.

हा भेद नीट ध्यानात यावा म्हणून एक परदेशी उदाहरण घेऊ. लंडनच्या केन्सिंग्टन भागात एका घरमालकिणीने 2015 साली आपल्या घराच्या दर्शनी भागावर तांबडे-पांढरे उभे पट्टे ओढले. शेजारी संतापले. तेथील नगरसंस्थेने घर पुन्हा पांढरे करण्याची नोटीस काढली. प्रकरण न्यायालयांतून फिरत उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 2017 साली निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. पट्टे सुंदर आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. नगरसंस्थेने ज्या कलमाचा आधार घेतला ते मोडकळीस आलेल्या, निगा न राखलेल्या जागांसाठी आहे. अभिरुचीचे प्रश्न सोडवण्यासाठी ते वापरता येणार नाही, एवढाच त्याचा आशय होता. भिंत एकटीची होती, म्हणून अडवणाऱ्याला आपला अधिकार सिद्ध करावा लागला. आपल्या सदनिकांच्या इमारतीत याच्या उलट आहे. येथे भिंत सर्वांची, म्हणून वेगळा रंग लावू पाहणाऱ्यालाच आधी परवानगी मिळवावी लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1985 च्या एका निर्णयात असे तत्त्व सांगितले आहे की, मनुष्य सहकारी संस्थेचा सभासद झाला म्हणजे संस्थेपुरते त्याचे वेगळे व्यक्तित्व उरत नाही. कायदा आणि उपविधी जे हक्क देतात तेच त्याचे हक्क.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या इमारतीचा बाहेरचा रंग सर्वांत कमी कोण पाहतो? आपण स्वतः. खिडकीत उभे राहिले म्हणजे दिसते ती समोरची इमारत. आपली भिंत आपल्या पाठीशी असते. ज्या रंगासाठी आपण वर्गणी देतो आणि भांडतो, तो आयुष्यभर पाहतात समोरचे लोक, आणि त्यांना आपल्या सभेत मत नसते. म्हणजे बाहेरचा रंग ही उपभोगाची वस्तू नसून गावाला दाखवावयाचा चेहरा आहे. त्या चेहऱ्यावरून लोक आपल्याला ओळखणार, या भावनेनेच सभेत आवाज चढतात. ही भावना खोटी नाही, आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

मग हा चेहरा ठरवावा कोणी? इतिहासात याची तीन उत्तरे दिसतात.

पहिले उत्तर, राजाने. इंग्लंडचे युवराज 1876 साली जयपुरास आले, तेव्हा महाराजा सवाई रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतले. ती प्रथा पुढे नियमाने पक्की झाली, आणि 2019 साली तटबंदीच्या आतले ते शहर जागतिक वारसा ठरले. एका आज्ञेने शहराला एकरूपता मिळाली हे खरे. पण ती आज्ञा होती. अलीकडे कोलकात्यात निळ्या-पांढऱ्या रंगाचा पुरस्कार झाला, आणि त्या रंगात घर रंगवणाऱ्यास 2014 साली महापालिकेने मालमत्ता करात सवलत देऊ केली. आज्ञेची जागा येथे आमिषाने घेतली, एवढाच फरक.

दुसरे उत्तर, तज्ज्ञाने. ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने 1913 ते 1916 या काळात बर्लिनजवळ फाल्केनबर्ग येथे साध्या लोकांसाठी एक वसाहत बांधली, आणि तिच्या घरांना निळा, तांबडा, पिवळा, हिरवा असे ठळक रंग दिले. लोकांनी तिला रंगपेटीची वसाहत असे नाव ठेवले. टाउटचे म्हणणे असे की, नक्षी महाग असते, रंग स्वस्त असतो. गरिबाच्या घराला स्वतंत्र ओळख द्यावयाची तर रंगासारखे साधन नाही. ती वसाहत 2008 साली जागतिक वारशात गेली. याच्या उलट अनुभव फ्रान्समधला आहे. बोर्दो शहराजवळ पेसाक येथे ल कॉर्बूझिए याने 1926 पर्यंत कामगारांसाठी सुमारे 50 घरे उभारली आणि त्यांच्या भिंतींचे रंगही स्वतः ठरवले. रहिवाशांनी पुढील काही दशकांत रंग बदलले, खिडक्या लहान केल्या, गच्च्यांवर छपरे घातली. या फेरफारांचा एक अभ्यास 1969 साली प्रसिद्ध झाला, आणि तो वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांत आजही वाचला जातो. तज्ज्ञ चांगला रंग निवडू शकतो. परंतु तो रंग रहिवाशांना आपला वाटेल याची हमी तज्ज्ञ देऊ शकत नाही.

तिसरे उत्तर, सभेने. आपल्या कायद्याने हेच उत्तर स्वीकारले आहे. राजाची आज्ञा झटपट मिळते आणि तज्ज्ञाचा निर्णय कदाचित अधिक सुंदर असतो. सभेचा निर्णय मंद आणि पुष्कळदा बेचव असतो. पण हरलेल्या माणसाला पुढे त्याच जिन्याने चढायचे असते, आणि त्याची समजूत पटण्याचा संभव असलाच तर तो फक्त सभेच्या निर्णयात असतो. मात्र एका अटीवर: सभेने निर्णय योग्य रीतीने घेतला पाहिजे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाचांना नीट विचारले तरच.

ही योग्य रीत कोणती, हे पाहण्यापूर्वी सभेपुढे जी वस्तू येते तिचे, म्हणजे खुद्द रंगाचे, थोडे ज्ञान हवे. पुष्कळ वाद दोन आवडींमधले नसतातच; ते कागदावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग यांतल्या फरकाचे असतात. रंगाच्या कंपनीच्या पुस्तकातला नमुना काड्यापेटीएवढा असतो. तोच रंग पाच मजली भिंतीवर, उघड्या आकाशाखाली, अधिक उजळ आणि अधिक भडक दिसतो. पुस्तकात सौम्य वाटलेला पिवळा भिंतीवर हळदीसारखा दिसू लागतो, आणि मग "आम्ही हा रंग मंजूर केलाच नव्हता" असे लोक म्हणतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांनी खरोखरच दुसरा रंग पाहिलेला असतो.

शिवाय रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसमधील गोब्लँ येथील गालिच्यांच्या कारखान्यात रंगकामाचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे अशी तक्रार आली की, तेथला काळा धागा पुरेसा काळा नाही. त्याने तपासले तेव्हा रंगात दोष आढळला नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. त्यावरून त्याने 1839 साली रंगांच्या परस्पर परिणामावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या इमारतीच्या शेजारी गुलमोहर आहे की निळ्या काचांची कचेरी आहे, यावरही आपला रंग कसा दिसणार हे अवलंबून असते. सभागृहातील नळीच्या दिव्याखाली सारखे वाटणारे दोन नमुने उन्हात वेगळे दिसू शकतात. तेव्हा रात्रीच्या सभेत पुस्तक फिरवून रंग ठरवणे, ही भांडणाची पहिली पायरी होय.

टिकाऊपणाचाही विचार हवा. जुन्या काळी चुन्यात काव, पिवडी किंवा नीळ मिसळून भिंती रंगवीत. ती निवड केवळ गरिबीमुळे नव्हती. काव आणि पिवडी हे लोहाचे मातीरंग आहेत. ते ऊन सोसतात आणि चुन्याच्या क्षाराने बिघडत नाहीत. नीळही चुन्यात टिकते. आजच्या डब्यांतील रंगांतही लोहजन्य पिवळे, तपकिरी आणि विटकरी रंग जास्त दिवस टिकतात. अतिशय भडक तांबडे, जांभळे आणि लिंबू रंग लवकर फिके पडण्याचा धोका अधिक. आपल्याकडील पावसाचा मारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीवर शेवाळ धरते, आणि शुभ्र रंगावर त्याचे काळे ओघळ लगेच दिसतात. गडद रंग ऊन शोषून घेतो आणि पश्चिमेकडील खोल्या तापवतो. या गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. त्या आधी सांगितल्या तर निम्मे पर्याय कोणाचाही अपमान न होता गळून पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंग हा दुरुस्तीचा शेवटचा थर आहे. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करून घ्यावयाची असते. भेगा न बुजवता, गळती न थांबवता लावलेला कोणताही रंग पहिल्या पावसाळ्यात फुगतो. अशा वेळी विटकरीवाले बदामीवाल्यांना दोष देतात, आणि खरा दोष गिलाव्यात असतो.

आता पैशाकडे पाहू, कारण आवडीच्या आड पुष्कळदा पैशाची कुरकुर दडलेली असते. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. दुरुस्ती व देखभाल निधी मात्र सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षास निदान शेकडा पाऊण या दराने घेतला जातो. म्हणजे मोठ्या सदनिकेचा सभासद रंगाच्या खर्चात अधिक भर घालतो. पण सहकाराचे मूळ तत्त्व एक सभासद, एक मत हे असल्यामुळे सभेत त्याचे मत एकच. अपार्टमेंट कायद्यात याहून निराळे आहे. तेथे घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेचा शेकडेवारी हिस्सा लिहिलेला असतो, आणि बहुमत म्हणजे त्या हिशेबाने 51 टक्के किंवा अधिक मते. एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या इमारतींत एकीत डोकी मोजली जातात, दुसरीत हिस्से. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे, हे ठाऊक नसलेले रहिवासी पुष्कळ आढळतात. वादाच्या आधी कागद काढून ते पाहावे.

आणखी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. आपल्याकडे भगवा, हिरवा आणि निळा हे नुसते रंग राहिलेले नाहीत. त्यांना निशाणांचा अर्थ आला आहे. एखाद्याने पिस्ता रंग सुचवावा तो डोळ्यांना गार वाटतो म्हणून, आणि दुसऱ्याने त्यात भलताच अर्थ वाचावा, असे होऊ शकते. एकदा भिंतीचे निशाण झाले की मग बोलणे रंगाविषयी राहत नाही. कोणाचे घर आणि कोण पाहुणा, याविषयी ते सुरू होते. ज्या इमारतीत निरनिराळ्या चालीरीतींची माणसे एका छपराखाली राहतात, तेथे यासारखे घातक दुसरे काही नाही. अध्यक्षाने अशा वेळी ठामपणे सांगावे की, प्रत्येकाने आपल्या सूचनेचे कारण ऊन, पाऊस, खर्च, टिकाऊपणा आणि डोळ्यांना वाटणारे सुख एवढ्यांतूनच द्यावे. जे कारण सभेत मोठ्याने सांगता येत नाही, ते मनात धरून मत देऊ नये.

आता प्रत्यक्ष मतदान. येथे गणिताचा थोडा आधार घेऊ. तो कठीण नाही. समजा, 60 सभासदांच्या संस्थेत विटकरी, पिस्ता आणि बदामी असे तीन रंग उरले आहेत. 24 सभासदांची पहिली पसंती विटकरीला, दुसरी बदामीला, तिसरी पिस्त्याला आहे. 20 जणांची पहिली पिस्त्याला, दुसरी बदामीला, तिसरी विटकरीला. उरलेल्या 16 जणांची पहिली बदामीला, दुसरी पिस्त्याला, तिसरी विटकरीला.

नुसते हात वर करून मोजले तर विटकरीला 24, पिस्त्याला 20, बदामीला 16. विटकरी जिंकला, पण 36 जणांना तो सर्वांत नावडता आहे! कोणी म्हणेल, सर्वांत कमी मतांचा रंग वगळून पुन्हा मत घ्या. तसे केले तर बदामी बाद होतो, त्याचे 16 जण पिस्त्याकडे वळतात, आणि पिस्ता 36 विरुद्ध 24 असा जिंकतो. तिसरा म्हणेल, दोन दोन रंग समोरासमोर ठेवा. बदामी आणि विटकरी यांत बदामीला 36, विटकरीला 24. बदामी आणि पिस्ता यांत बदामीला 40, पिस्त्याला 20. म्हणजे बदामी दोघांनाही हरवतो! माणसे तीच, त्यांच्या आवडी त्याच. पण मोजण्याच्या तीन पद्धतींनी तीन निरनिराळे रंग विजयी झाले.

हा हातचलाखीचा प्रकार नव्हे. फ्रान्समध्ये बोर्दा याने 1770 साली आणि काँदोर्से याने 1785 साली या कोड्याचा सविस्तर विचार केला. बोर्दाची युक्ती अशी की पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक आणि तिसरीला शून्य द्यावे. आपल्या उदाहरणात विटकरीला 48, पिस्त्याला 56 आणि बदामीला 76 गुण पडतात. यावरून घेण्याचा बोध एवढाच की, मोजण्याची पद्धत रंगांची नावे पुढे येण्याआधी ठरवावी. नावे पुढे आल्यावर पद्धत ठरवू लागलो, तर जो तो आपला रंग जिंकवणारी पद्धत मागणार, आणि हरलेल्याला आपण फसवले गेलो असे वाटणार. त्याचे ते वाटणे अगदीच निराधार नसेल.

तेव्हा व्यवहारात क्रम असा ठेवावा. आधी दुरुस्तीचा आणि खर्चाचा ठराव स्वतंत्रपणे करावा. रंगाचा प्रश्न त्यात मिसळू नये. मग मतदानाची पद्धत ठरवावी. नंतर सर्वांकडून सूचना मागवून, जाणत्या माणसाच्या सल्ल्याने टिकाऊपणाच्या कसोटीवर त्या तीनचारांवर आणाव्यात. ते तीनचार रंग प्रत्यक्ष भिंतीवर, एका उन्हाच्या आणि एका सावलीच्या बाजूला, निदान दोन हात लांबीरुंदीच्या पट्ट्यांत लावावेत, आणि आठपंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ लोकांना पाहू द्यावेत. मग रीतसर सूचना काढून, गणपूर्ती पाहून, गुप्त चिठ्ठीने पसंतीक्रम घ्यावा. निकाल आकड्यांसह फलकावर लावावा, आणि ज्यांना विरोध नोंदवायचा असेल त्यांचा विरोध इतिवृत्तात लिहावा. हा शेवटचा मुद्दा बारीक दिसतो, पण त्याचा उपयोग फार. ज्याचे म्हणणे लिहून घेतले गेले आहे, त्याला ते जिन्यात पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही. पुढेमागे वाद सहकारी न्यायालयापर्यंत गेलाच, तर तेथेही बदामी सुंदर की पिस्ता, याचा निवाडा होणार नाही. सभा नियमाने झाली होती की नाही, हेच पाहिले जाईल.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. अशा रीतीने नेहमी कोणालाच नकोसा नसलेला रंग निवडला जाईल. आणि कोणालाच नकोसा नसलेला रंग बहुधा कोणाचा लाडकाही नसतो. सर्वांची दुसरी पसंती घेत गेलो तर सारे शहर बिस्किटासारखे होईल, टाउटची रंगपेटी आपल्याकडे कधीच उघडणार नाही. हा धोका खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे की, एकमत जेथे लागते तेथे ते मागावे आणि जेथे लागत नाही तेथे मोकळीक द्यावी. मोठ्या भिंतींना सर्वांना सोसेल असा रंग असू द्या. पण प्रत्येक विभागाचे प्रवेशद्वार, जिन्याच्या आतल्या भिंती, सज्जाची आतली बाजू, ज्याचा त्याचा दरवाजा, अशा जागांचा रंग त्या त्या रहिवाशांनी निवडावा असा ठराव सभेलाच करता येतो. तेथे ऊनपाऊस कमी लागतो, म्हणून ठळक रंगही टिकतात. आणि भिंतीच्या वेळी हरलेल्या माणसाला स्वतःचे म्हणून थोडे रंगक्षेत्र उरते. लहान मुलाला आपले घर दुरून दाखवताना "तो निळा दरवाजा आमचा" असे म्हणता आले पाहिजे.

श्रोतेहो, एका इमारतीत राहणारे लोक एकमेकांचे नातलग नसतात, आणि बहुधा त्यांनी एकमेकांना निवडलेलेही नसते. त्यांना बांधून ठेवणाऱ्या वस्तू थोड्याच: पाण्याची टाकी, जिना, गच्ची आणि बाहेरची भिंत. टाकी आटली, जिना मोडला, तर सर्वांची गैरसोय सारखीच होते, म्हणून तेथे मतभेद फार काळ टिकत नाहीत. भिंतीच्या रंगाने मात्र कोणाचेच काही अडत नाही. अशा, ज्यावाचून अडत नाही अशा गोष्टीत शेजाऱ्याचे ऐकून घेण्याची सवय ज्या संस्थेला लागली, तिला पुढे पुनर्विकासासारखे खरोखरच अवघड प्रश्न आले तरी ते पेलता येतात. जी संस्था बदामी आणि पिस्ता यांवरच फुटली, ती त्या मोठ्या प्रश्नापुढे उभी राहणे कठीण. तेव्हा आपल्या इमारतीला रंग देण्याची पाळी येईल, तेव्हा कोणता रंग जिंकतो याइतकेच, हरलेला शेजारी सभेतून कोणत्या मनाने घरी जातो, याकडेही लक्ष द्यावे, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.